पुतण्या म्हणतो ऊस एक टक्क्याचा, पॅनल वीस टक्क्यांचं. उरलेलं ऊन जातं कुठं?

चुलवाण (करवीर) | १२ एप्रिल, रात्री ९.४०

रामराम मंडळी. प्रश्न शेतीचा आहे का विज्ञानाचा हे माझं मलाच कळेना, म्हणून दोन्हीकडची माणसं असतात तिथं टाकतोय.

आमचं गुऱ्हाळ आहे. हंगाम आवरत आलाय. परवा सांजेला शेवटून दुसरं आधण उतरलं, गुळव्या हातपाय धुवायला गेला आणि मी नि पुतण्या चिपाडाच्या ढिगाला टेकून ताजा गूळ आणि शेंगा खात बसलो. पोरगा इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला आहे. गेल्या साली माळावरच्या विहिरीवर पाच एचपीचा सौर पंप बसवला, तेव्हापासून त्याच्या अंगात पॅनल शिरलंय. उठता-बसता तेच. गूळ चघळत मला म्हणतो, "तात्या, तुमचं उसाचं पान उन्हातला एक टक्का धरतं. आपलं पॅनल वीस टक्के धरतं. वीसपट! एवढं पाणी, एवढं खत, एवढी भांगलण कशाला? रानात पॅनलच मांडा की."

मी म्हटलं, "आधी तो गूळ खाली ठेव, मग बोल." हसण्यावारी नेलं, पण रात्री झोप लागेना. बारावीपर्यंत सायन्स केलंय, अगदीच अडाणी नाही. उठलो आणि वही काढली.

माझा हिशेब असा. सगळं लाइटबिलातल्या युनिटमध्ये मांडलंय, कारण मला ज्यूल-बिल समजत नाहीत. कोल्हापूरच्या उन्हाची वर्षाची सरासरी धरली तर एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण ५ युनिट पडतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०१ चौरस मीटर. एका गुंठ्यावर रोज ५०० युनिट ऊन. हा आकडा बघूनच मी जरा वेळ गप्प बसलो. माझ्या घराला महिनाभर तेवढी लागत नाही.

आता ऊस. माझं रान काही शंभर टनवाल्यांचं नाही. बारा महिन्यांच्या हिशेबानं एकरी ४५ टन धरतो. म्हणजे गुंठ्याला सव्वाअकराशे किलो. त्यात ७० टक्के पाणी. कोरडा माल राहिला ३४० किलो. वाडं (हिरवे शेंडे) आणि पाचट (वाळकी पाती) वाळवून अजून ११० किलो धरा. झाले ४५० किलो. असला वाळका माल चुलवाणात घातला तर किलोला पावणेपाच-पाच युनिटांची धग देतो. म्हणजे गुंठ्याला वर्षाकाठी साधारण २,२०० युनिट. ३६५ नं भागलं तर दिवसाला ६.

पाचशेतले सहा. १.२ टक्के. पोराचं खरं निघालं!

बरं, त्या सहातला गूळ किती? गुंठ्याला सव्वाशे किलोच्या आत-बाहेर गूळ पडतो. किलोभर गुळात साडेचार युनिट. म्हणजे दिवसाला दीड युनिट. बाकीचं पाचट, वाडं आणि चिपाड. चिपाड तरी चुलवाणात जातं, रस त्यावरच आटतो. पाचट मात्र आमच्याकडं अजून निम्मे लोक काडी लावून मोकळे होतात. त्यावर नंतर बोलू.

तर विचारायचं ते हे: उरलेली ४९४ युनिटं जातात कुठं? पान हिरवं दिसतं म्हणजे ते ऊन परत फेकतं, एवढं शाळेत सांगितलेलं आठवतं. पण पाचशेतलं चारशे चौऱ्याण्णव परत फेकत असेल असं वाटत नाही. का झाडंच अशी उधळी आहेत?

---

रंकाळा_फिरस्ता | १२ एप्रिल, रात्री १०.०५

पुतण्याला म्हणावं, पॅनलला एकदा जीभ लावून बघ, गोड लागतंय का ते.

(हिशेब मात्र एक नंबर तात्या. ५०० युनिटांचा आकडा बघून मी पण गप्प झालो.)

---

हरितकण (कोल्हापूर) | १२ एप्रिल, रात्री ११.३०

तुमचा हिशेब वाचून फार बरं वाटलं. मी ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण पोरं धडाधड पाठ म्हणतात, पण "किती?" असं विचारलं की वर्ग शांत. तुमचीच ५०० युनिटं घेऊन सांगते.

पहिली गळती सगळ्यात मोठी आणि तिच्यात पानाचा काहीच दोष नाही. उन्हातलं निम्म्याहून जास्त बळ आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत असतं, मुख्यतः अवरक्त. अंगाला चटका बसतो त्यात त्यांचाही मोठा वाटा. हरितद्रव्याला त्यांचा उपयोग नाही, ते साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमधलाच प्रकाश वापरतं. इथंच ५०० ची २४३ झाली.

दुसरी, जिच्यावर तुम्हाला संशय आहे ती. हिरवा रंग. खरं म्हणजे ही गळती अगदी किरकोळ आहे. पान हिरव्यातलाही बराचसा प्रकाश शोषतं, थोडाच परत फेकतं किंवा आरपार सोडतं. २४३ ची २१९ राहिली, एवढंच.

तिसरी: निळ्या प्रकाशाच्या कणात तांबड्यापेक्षा जास्त जोर असतो, पण पानाच्या यंत्रणेत दोघांची किंमत एकच. जास्तीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. पाचशेची नोट देऊन सुट्टे परत न घेण्यातला प्रकार. राहिली १८६.

चौथी खरी. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पकडून त्याची साखर करायला भातासारख्या झाडाला प्रकाशाचे किमान ८ कण लागतात, उसाला १२ च्या आसपास. एवढे कण खर्चून साखरेत बांधलं जातं ते थोडंच. उसाच्या बाबतीत १८६ ची ४३ होतात.

आणि शेवटी झाड श्वासही घेतं. वाढायला, मुळं चालवायला, रात्रभर जगायला खर्च आहे. त्यात १२-१३ जातात. हातात उरतात ३०.

म्हणजे सगळं काही मनासारखं असलं, पाणी, खत, तीस अंश तापमान, सगळं, तर उसाची कमाल ६ टक्के. भात, गहू, सोयाबीन यांची ४.६ टक्के, तुमच्या भाषेत २३ युनिटं. ही गळतीची मांडणी झू, लाँग आणि ऑर्ट या तिघांनी २००८ साली केली.

आता तुम्ही म्हणाल, चौथ्या पायरीवर ऊस १२ कण खातो आणि भात ८, तरी ऊस पुढं कसा? ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते आणि ती आपल्या उसाचीच आहे, म्हणून जरा लांबण लावते.

हवेतला कार्बन पकडणारं पानातलं विकर (एन्झाइम) म्हणजे रुबिस्को. अतिशय संथ, सेकंदाला दोन-चार रेणू. शिवाय आंधळं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के. गर्दीत ते पुन्हापुन्हा ऑक्सिजनच धरून बसतं आणि मग ती चूक निस्तरायला झाड आधी मिळवलेलाच कार्बन आणि शक्ती खर्च करतं. ऊन तापलं की चुका वाढतात. भातात या एका कारणानं जवळजवळ निम्मी कमाई जाते.

उसानं यावर तोड काढली. पानाच्या शिरेभोवती पेशींचं एक कडं असतं, सूक्ष्मदर्शकाखाली हारासारखं दिसतं. रुबिस्को त्या कड्याच्या आत कोंडलेलं. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड चार कार्बनच्या आम्लात बांधून आत आणून ओततात. आत एवढी दाटी होते की रुबिस्कोला चुकायला वावच राहत नाही. हमाली पडते, म्हणून ८ ऐवजी १२ कण. पण कडक उन्हात हा सौदा फायद्याचा ठरतो. मका, ज्वारी, बाजरी, नाचणी हे त्याच घराण्यातले. याला सी-फोर म्हणतात.

आणि हे सापडलं कशात? उसात. हवाई बेटांवर ऊस संशोधन करणाऱ्या कोर्टशॅक, हार्ट आणि बर यांनी किरणोत्सारी कार्बन उसाच्या पानांना दिला. साखरेच्या आधी चार कार्बनची आम्लं दिसायला लागली. शास्त्रज्ञ केल्व्हिन यांना कार्बनची साखर होण्याच्या ज्या चक्रासाठी १९६१ चं नोबेल मिळालं, त्यात तर पहिला पदार्थ तीन कार्बनचा. हवाईवाल्यांनी १९६५ मध्ये हे छापलं आणि पुढच्याच वर्षापासून ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला हॅच आणि स्लॅक यांनी ही वाट उलगडत नेली. तेही एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत.

तेव्हा ऊस उधळा नाही. झाडांत तो काटकसरीच आहे. ३० ची मर्यादा निसर्गाची. पण तुमच्या रानात ६ च येतात, ती २४ कुठं जातात हे मला पुस्तकातून पूर्ण सांगता येणार नाही.

---

मीटर_रीडिंग | १३ एप्रिल, सकाळी ७.१५

मी सोलर बसवतो, म्हणजे पुतण्याच्या बाजूचा. तरी त्याचा हिशेब सरळ करतो.

वीस टक्के खरं आहे. पण पॅनलच्या काचेपुरतं. रानात पॅनल काचेला काच लावून मांडत नाहीत. एका ओळीची सावली दुसरीवर पडू नये म्हणून मधे जागा, धुवायला वाट, इन्व्हर्टर, कुंपण. आपल्याकडं एक मेगावॉटला कमीत कमी चार एकर जातात आणि वर्षाला १५-१६ लाख युनिट येतात. चार एकर म्हणजे १६० गुंठे. करा भागाकार. गुंठ्याला दिवसाला २६ च्या आसपास. १०० नव्हे.

म्हणजे २६ विरुद्ध ६. चौपट. वीसपट नाही. तेही ताई म्हणतात त्या ३० च्या खालीच.

पॅनल पुढं आहे ते कशानं, तर सिलिकॉन अवरक्तातलाही बराच भाग धरतं, पान तो सोडून देतं. पण पॅनललाही छत आहे. एका थराच्या पॅनलला जास्तीत जास्त ३३ टक्क्यांच्या आसपास. तो हिशेब १९६१ सालचा आहे आणि अजून मोडलेला नाही.

दुसरं असं की आमची २६ युनिटं त्या क्षणाला वापरली नाहीत तर गेली. तुमच्याच पंपाचं बघा. विहीर भरलेली असली, पंप बंद, तर पॅनल दिवसभर नुसतं ऊन खात उभं. बॅटरी घालायची म्हटलं तर खर्च बघून घाम फुटतो. उसाला बॅटरी फुकट येते, बारा महिने टिकते. आणि पॅनलला पॅनल होत नाही. एक डोळ्याचं टिपरं (उसाचा तुकडा) लावलं की त्याचे दहा ऊस होतात.

धंदा माझा, पण खोटं कशाला सांगू.

---

चुलवाण | १३ एप्रिल, रात्री ८.५०

ताई, दोनदा वाचलं. मग पुतण्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. ब्रिस्बेनचं ऐकून गुळव्या म्हणाला, "म्हंजे साखरवाल्यांनी शोधलं व्हय? मग गुळाला कशाला भाव देतील." त्याचं दुःख वेगळंच असतं.

मीटरभाऊ, तुमचा २६ चा आकडा पोराच्या जिव्हारी लागला. दोन तास कॅलक्युलेटर घेऊन बसला आणि शेवटी म्हणाला, "२७ येतंय." मी म्हटलं ठीक आहे, २७. त्यावर त्याला एवढंच सांगितलं की तुला दिवसाला जेवायला अडीच युनिट लागतात, ती सगळी शेवटी कुठल्या ना कुठल्या पानातूनच येतात. तुझं पॅनल मोटर फिरवील, भाकरी थापणार नाही.

पण आता माझा खरा प्रश्न उरलाच. पाचशेची तीस होतात ते निसर्गाचं. मान्य. तीसची सहा होतात ते माझं. ते ऊन माझ्या रानात आलं, पानाला चाललं असतं आणि मी ते घालवलं. कुठं? खत कमी पडलं? बेणं जुनं? माझ्याकडं ८६०३२ जातीचा ऊस आहे, तीन वर्षं बेणं बदललं नाही हे कबूल. दोन तुकडे आहेत: वरच्या अंगाला ४० गुंठे 'आडसाली' (पावसाळ्यातली लागण), खाली ओढ्याकडं ३२ गुंठे 'सुरू' (थंडीच्या अखेरची लागण). आडसालीचा उतारा नेहमी चांगला, सुरूचा रडका. वर्षाच्या हिशेबानं धरला तरी.

---

आडसाली (शिरोळ) | १४ एप्रिल, पहाटे ५.२०

तात्या, मी कारखान्याच्या शेती खात्यात बत्तीस वर्षं काढली. चिटबॉय म्हणून लागलो, रानोमाळ सायकल हाणली. ताईंचं शास्त्र मला सगळं नाही उमगलं, पण तुमच्या चोवीस युनिटांतली बरीच मी सांगतो. मातीत जात्यात.

असं बघा. सुरूची लागण तुम्ही कधी केली? फेब्रुवारीत केली असणार. आता एप्रिल अर्धा झाला. सरीत काय आहे? कोंब आलेत, फुटवा सुरू हाय, गुडघ्याएवढं पान. साडेचार फुटाची सरी. दुपारी बाराला बांधावर उभं राहा आणि बघा. दहातलं सात-आठ वाटे ऊन उघड्या मातीवर पडतंय. आणि हे कुठलं ऊन? एप्रिल-मेचं! वर्षातलं सगळ्यात कडक. पान झाकून येईपर्यंत जून उजाडतो. रान झाकलं की पाऊस. जुलै-ऑगस्टात आभाळ भरलेलं, ऊन जवळजवळ निम्म्यावर. म्हंजे पंगतीत वाढपी बासुंदी घेऊन आला तेव्हा तुमची पत्रावळ मांडलेली नाही, आणि पत्रावळ मांडली तवर ताकच उरलंय.

आता आडसाली. जुलैत लागण. ढगाळ दिवसांत कोंब, फुटवा सगळं उरकतं, ते ऊन तसंही पातळच असतंय. दिवाळीला रान झाकतं. पुढचं फेब्रुवारी ते मे, चारी महिने, पान पसरून तयार. एक थेंब ऊन खाली पडत नाही. लोक म्हणतात आडसालीला टनेज जास्त कारण ती सोळा-अठरा महिने रानात असते. अर्धंच खरं. तिनं उन्हाळा भरल्या पानावर काढलेला असतोय, ते कोण बोलत नाही.

खोडव्याचंही (तोडीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेल्या उसाचंही) तसंच. मुळं तयार असतात, म्हणून लागणीपेक्षा लवकर झाकतो. फक्त पाचट जाळू नका. एकरी तीन टन पाचट धरलं तर तुमच्या हिशेबानं चौदा-पंधरा हजार युनिट होत्यात. काडी लावली की अर्ध्या तासात खलास. सरीत कुजू दिलं तर निदान मातीला लागतं.

बाकीची गळती किरकोळ नाही, पण दुसरी. थंडीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार पडल्या की ऊस आखडतो. मेमध्ये नदीला पाणी कमी, उपसाबंदी आली की पान सुरळी करून उभं. पान सुरळी झालं म्हंजे दुकान बंद. हुमणी (मुळं खाणारी अळी) लागली तर मुळंच गेली. आणि पूर. २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या भागात पाणी ओसरल्यावर उसाच्या पानावर गाळाचा थर असा बसला होता की शेंड्यापर्यंत सगळा रंग मातकट. ऊन चांगलं पडलेलं, आणि ऊस त्याच्यात उभा मरत होता.

बेणं बदला, ते वेगळं. पण पहिलं ते उघडं रान बघा.

---

हरितकण | १४ एप्रिल, सकाळी ९.१०

मी वर लिहिलं होतं की २४ कुठं जातात ते पुस्तकातून सांगता येणार नाही. काकांनी सांगितलं. पुस्तकात हे "पर्णक्षेत्र निर्देशांक" (जमिनीच्या मानानं पानं किती पसरलीत ते) या नावानं येतं आणि मी ते दरवर्षी एका ओळीत उरकते. यंदा नाही उरकणार.

एकच भर घालते. कडक उन्हात पान झेपेल तेवढं घेतं आणि जास्तीचं मुद्दाम उष्णता करून टाकून देतं, नाहीतर पान पोळेल. ढग आला की हे टाकणं लगेच थांबायला पाहिजे, पण पानाला परत वळायला काही मिनिटं लागतात. तोवर आलेलं थोडं ऊनही वाया जातं. श्रावणात ऊन-सावलीचा जो खेळ आपण गोड म्हणून बघतो, त्यात झाड दर ढगामागं थोडंथोडं बुडत असतं. २०१६ मध्ये तंबाखूच्या झाडात जनुकं वाढवून हे वळणं जलद केलं, तर शेतात झाडाचं वजन १५ टक्क्यांच्या आसपास वाढलं. उसात आपल्या हातात तसलं काही नाही.

---

चुलवाण | १६ एप्रिल, रात्री १०.१५

काल दुपारी साडेबाराला मी आणि पुतण्या रानात गेलो. त्यानं मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप घेतलं होतं. लक्स का काय ते. बायको म्हणाली, या उन्हात मोबाइल घेऊन उसात काय करताय, टोपी तरी घाला.

आधी बांधावर, उघड्यावर धरला. ९५ हजार ते लाख. मग वरच्या आडसालीत शिरलो. पाती अंगाला कापतात, तो मागून शिव्या घालत येत होता. सरीत मोबाइल आडवा ठेवला. ३,८००. दुसऱ्या ठिकाणी २,९००. तिसऱ्या ठिकाणी एकदम ४० हजार, बघतो तर तिथं एक गड्डा मेलेला आणि वर आभाळ उघडं. तसल्या आठ जागा निघाल्या त्या एका ओळीत. मी त्या ओळीनं दर आठवड्याला पाण्याच्या पाळीला जातो. नांग्या पडल्यात हे माहीत होतं, पण नजर सरावलेली.

मग खाली सुरूत आलो. सरीच्या मधोमध ठेवला. ८८ हजार. पलीकडच्या सरीत ९१ हजार. दहा ठिकाणी ठेवला, दोनच ठिकाणी पन्नासच्या खाली आला. पोरगा काही बोलला नाही. मोबाइल तापून बंद पडला, तेव्हा म्हणाला, "तात्या, ह्यो तर पॅनलच्या ओळींमधल्या रिकाम्या जागेसारखाच प्रकार झाला." मी म्हटलं, "तुझी जागा कायमची रिकामी. माझी जूनपर्यंत."

आडसालीकाका, तुमचं बरोबर आहे. पण सगळं रान मला आडसाली करता येणार नाही. गुऱ्हाळ एप्रिलपर्यंत चालवायचं तर मागच्या हंगामाला सुरूचा ऊस लागतोच. एकदम सगळा ऊस डिसेंबरात पिकून बसला तर काहील मार्चला कोरडी.

---

हरितकण | १६ एप्रिल, रात्री १०.४०

झकास! फक्त एक सांगते. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी केलेलं आहे आणि डोळ्याला हिरवा प्रकाश सगळ्यात तेज दिसतो. पानांतून गाळून खाली येतो तो प्रकाश जरा हिरवटच असतो. म्हणजे तुमच्या आडसालीतले ३,८०० प्रत्यक्षात झाडाच्या कामाच्या प्रकाशात मोजले तर अजून कमी भरतील. वरच्या पानांनी अगदी ताट चाटूनपुसून ठेवलंय.

---

आडसाली | १७ एप्रिल, पहाटे ५.०५

तात्या, सुरू राहू दे. आंतरपीक घ्या. लागणीलाच भुईमूग टोकायला पाहिजे होता, ते साल गेलं. पण सरीच्या पोटात मूग अजून धरता येतो. साठ-पासष्ट दिवसांत निघतो, मुळाला नत्राच्या गाठी, ऊस कुरकुरत नाही. जूनच्या मोठ्या भरणीच्या (उसाच्या बुडाला माती लावायच्या) आधी शेंगा हाताला लागल्या तर लागल्या. वळवानं घोळ केला तर तिथंच गाडा, खत होईल. एका अंगाला दहा गुंठ्यांत करून बघा, सगळीकडं नको. पहिल्यांदा करताय, पाण्याचा अंदाज चुकतो.

---

चुलवाण | १७ एप्रिल, सकाळी ६.३०

दहा गुंठे ठरले, ओढ्याकडची बाजू. पुतण्या म्हणतो मुगाखाली दर रविवारी मोबाइल ठेवून वहीत आकडा लिहिणार. लिहू दे, निदान रानात तरी येईल.

उन्हाळ्यात लवकर निघणारं मुगाचं वाण उसाच्या सरीत कुणी घेतलं असेल तर आजच सांगा. पाण्याची पाळी परवा रात्री आहे. आणि बी एकरी किती धरायचं, सरी साडेचार फुटी असेल तर? एका बाजूला टोकायचं का दोन्ही?